डावा स्पीकर

लिफ्टची तपासणी हा माझा तीस वर्षांचा धंदा. कोणती लिफ्ट चालवायची आणि कोणती मोडीत काढायची हे मी ठरवायचो, आणि ठरवताना कुणाचं तोंड बघायची मला सवय नव्हती. त्यामुळे दादाच्या रेडिओ-रिसीव्हरचं काय करायचं, असं वहिनींनी विचारलं तेव्हा मी बूट काढायच्या आधीच निकाल देऊन मोकळा झालो.

"फेकून द्या."

"चालतोय की, भाऊजी. नुसता डावा स्पीकर मुका झालाय."

"म्हणजे अर्धा मेलाय. उरलेला कशाची वाट बघतोय?"

समोरच्या खोलीत, बुटक्या कपाटावर ते धूड बसलेलं होतं. पुढचा भाग ॲल्युमिनियमचा, मुठीत न मावणारी दोन बटणं, मधल्या काचेमागे हिरवट उजेड आणि स्टेशनांच्या आकड्यांवर डुगडुगणारा काटा. दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्पीकर. दीड वर्षापूर्वी दादा गेला; तोवर रोज कचेरीतून आला की तो त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसायचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढणारा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळांच्या रेघा ओढल्या, आणि घरी येऊन या खोक्याची धूळ पुसली. आणखी काही कर्तृत्व असेल तर मला माहीत नाही.

दादा बोलायचा फार हळू. एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखा. त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला मला कधीच वेळ नव्हता; मीच ते पुरं करून टाकायचो. चाळीस वर्षं मी त्याची वाक्यं पुरी केली आणि त्याने एकदाही हरकत घेतली नाही. घेतली असती तरी ती संपायला संध्याकाळ झाली असती.

"आधी मेकॅनिकला दाखवू," वहिनी म्हणाल्या. "तो नाही म्हणाला तर नवा घेऊ."

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आला. जाड गोल चष्मा, आखूड मान, आणि बोलण्याआधी डोळे मिचकावायची खोड. मी मनात त्याचं नाव 'घुबड' ठेवलं. त्याने झाकण काढलं, आत वाकून वास घेतला. वास! तपासणी म्हणजे मोजमाप, हे या लोकांना कोण शिकवणार?

"छान ठेवलाय, साहेब. एक जोड सुटलाय फक्त. नवीन घेऊ नका, असा आता बनत नाही."

"तुम्ही लोक दुसरं काय सांगणार?"

तो पुन्हा आत वाकला. सोल्डरचा धूर निघाला, त्याने झाकण बसवलं आणि बटण दाबलं. उजव्या स्पीकरमधून बातम्या सुरू झाल्या. डाव्यातून बातम्या आल्या नाहीत. पंख्याची घरघर आली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि कुणीतरी खोकलं.

खोकला घुबडाचा होता. तो आत्ताच खोकला होता.

"आपल्याच खोलीचा आवाज आहे हा," वहिनी म्हणाल्या. क्षणभराने डाव्या स्पीकरमधून त्याच म्हणाल्या, "आपल्याच खोलीचा आवाज आहे हा."

"तुमचा जोड कच्चा आहे," मी घुबडाला सांगितलं. "सुटी तार माईकसारखी काम करतेय. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही."

तो माझ्याकडे नाही, स्पीकरकडे बघत होता. मग डोळे मिचकावत म्हणाला, "साहेब, जरा परत बोला बरं."

"काय बोलू?"

आम्ही तिघंही ऐकत राहिलो. पंखा घरघरत होता. माझ्या दोन शब्दांच्या जागी दोन शब्दांएवढी फट होती. कापून काढल्यासारखी स्वच्छ.

मी टाळी वाजवली. आली नाही. वहिनींनी पेल्यावर चमचा वाजवला, तो आला. मी घुबडाला उठवून त्याच्या खुर्चीत बसलो आणि एक ते दहा आकडे म्हटले. घुबडाचा श्वास ऐकू आला, वहिनींच्या बांगड्या ऐकू आल्या. मी नाही.

"माझा आवाज खर्जातला आहे," मी म्हणालो. "हलका माल खालचे सूर पकडत नाही."

घुबडाने सामान आवरलं. दारात जाऊन तो वहिनींना म्हणाला, "बाई, जोड पुन्हा काढून टाकू का? एक मिनिटाचं काम आहे."

"नको," वहिनी म्हणाल्या. "राहू दे."

तो गेल्यावर मी तिथूनच दुकानात फोन करून नवा सेट सांगितला. दुकानदार कोणता रंग, कोणता आकार असं घोळवत बसला, तेव्हा त्याला चार शब्द सुनावले. माणसांना मुद्द्यावर आणायला थोडं टोचावं लागतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी ते धूड उचलायला गेलो. खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं. रिसीव्हर चालू होता, उजवा स्पीकर बंद केलेला, डावा हलका ठेवलेला. वहिनी त्याच्याजवळ बसून मटार सोलत होत्या. शेंग फुटल्याचा आवाज दोनदा यायचा, एकदा त्यांच्या हातातून आणि एकदा स्पीकरच्या जाळीमागून.

"चहा घेणार का, भाऊजी?"

"नको."

"चहा घेणार का?" स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. त्यात 'भाऊजी' नव्हतं.

मग फट. आणि त्या फटीत एक आवाज सावकाश म्हणाला, "अर्धा... कप."

वहिनी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी हसलो. जुनं रेकॉर्डिंग असणार, कुठेतरी टेप अडकली असणार. मागे हात घालून बघितलं. टेप नव्हती. टेप लावायची सोयच नव्हती.

"अहो, साखर घालू का आज?" आतून वहिनींनी विचारलं.

त्या मला कधीच 'अहो' म्हणाल्या नव्हत्या.

"वहिनी, मी नको म्हणालो चहा!"

"असू दे... थोडी," स्पीकर म्हणाला.

आत डबा उघडला, चमचा वाजला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि त्यांना हाक मारली. मोठ्याने मारली. ज्या आवाजात मी लिफ्टच्या कंत्राटदारांना घाम फोडला होता त्या आवाजात मारली. वहिनींनी गॅस बारीक केला. त्यांचं लक्ष माझ्या मागे, बाहेरच्या खोलीकडे लागलेलं होतं.

"आज..." बाहेरून आवाज आला, "हे घर..."

सवयीने मी वाक्य पुरं करायला तोंड उघडलं. काहीच सुचलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या वाक्याचा शेवट मला माहीत नव्हता.

मी थांबलो. मला थांबावं लागलं.

"...मोकळं वाटतंय."

"हो ना," वहिनी म्हणाल्या.

मी बाहेर धावलो आणि प्लग खेचला. काचेमागचा हिरवा उजेड विझला. काटा थांबला. डावा स्पीकर गप्प झाला.

झालं. वीज तोडली की यंत्र म्हणजे भंगार. मी घाम पुसला.

वहिनी अर्धा कप चहा घेऊन आल्या. कप माझ्या हाताशी ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. या घरात माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

"अहो, बंद का केलंत?"

"वहिनी, मी आहे. मी!"

त्या ऐकत राहिल्या. मी बोलून थांबलो तरी ऐकत राहिल्या, मान किंचित कलती करून, घाई न करता. बऱ्याच वेळाने त्यांनी मान डोलावली.

"बरं," त्या म्हणाल्या. "लावू मग नंतर."

मी जिन्यात आलो. परक्या माणसाशी, व्यवहाराचं बोललं पाहिजे, म्हणजे सगळं ताळ्यावर येईल, असं वाटलं. दुकानात फोन लावला.

"कालचा सेट आजच्या आज पाठवा," मी म्हणालो.

पलीकडे दुकानदार थोडा वेळ ऐकत होता.

"काहीच हरकत नाही, सर," तो म्हणाला. "रद्द करतो. जुना नीट चालत असेल तर नवा कशाला? आणि तुम्ही स्वतः फोन केलात ते बरं झालं. काल तुमच्याकडून दुसरेच कोणी बोलले. फार तुसडा माणूस."

मी काही बोललो नाही. फोन कानाशी घट्ट धरून, दात आवळून उभा राहिलो. ओठसुद्धा हलवले नाहीत.

दुकानदार हसला, कुणी काही गमतीचं बोलल्यावर माणूस हसतो तसा.

"बोला ना, सर," तो म्हणाला. "सावकाश बोला. मी ऐकतोय."