निज की नीज?

लॅपटॉप सांभाळणारा नीरज मेट्रोत अडकला आणि दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळात नऊवाऱ्या नेसवायला आलेली देवयानी थेट लॅपटॉपसमोर बसवली गेली. शेजारी सुधन्वा... गाझियाबादच्या कंपनीत सर्व्हर सांभाळणारा, आज नाटकात सुभेदार, आणि मिशी अजून अर्धीच चिकटलेली!

"घाबरू नकोस. नाटक लाइव्ह दाखवणारी ही एक सर्व्हिस आहे, मागच्या मागे चालत राहते. बंद पडली तर एवढंच टाइप करायचं."

त्याची बोटं भरभर धावली. सुडो, सिस्टम-सीटीएल, रीस्टार्ट, पुढे आणखी लांबलचक शेपूट. अय्या, टाइप करतानासुद्धा कोणी इतकं छान दिसतं?

"एवढं कोण लक्षात ठेवणार, यार!"

"म्हणून तर शॉर्टकट केलेत. मराठीत, फक्त इंग्रजी अक्षरांत! 'ऊठ' म्हटलं की ती उठते. 'कशी' विचारलं की तब्येत सांगते."

देवयानी विरघळलीच. सगळं जग कॉम्प्युटरला हुकूम सोडतं, आणि हा त्याची विचारपूस करतो!

"आणि हे तिसरं? एन-आय-जे?"

"ते ना—"

"सुभेदार, एंट्री!" विंगेतून विलासकाका ओरडले आणि सुधन्वा मिशी दाबत पळाला.

पहिला अंक रंगला. साताऱ्याहून आत्या, मावश्या स्क्रीनवर बदाम पाठवत होत्या. देवयानीचे डोळे मात्र त्या तीन अक्षरांवर. निज... शाळेतल्या हिंदीत निज म्हणजे स्वतःचं, खासगी. म्हणजे त्याचं प्रायव्हेट काहीतरी? फक्त एक नजर... तिने एंटर दाबलं.

स्क्रीन काळी!

"चित्र गेलं गं!" मंडळाच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस. आज पहिल्यांदा कुणी देवयानीवर एवढं सोपवलं होतं. तिने घाईने 'ऊठ' टाइप केलं. एक श्वास... दोन... आणि सुभेदार पुन्हा डरकाळी फोडू लागले. हुश्श!

मध्यंतरात तो धावत आला, तिने टाइप केलेलं स्क्रीनवर वाचलं. "मध्येच झोपवलंस कशाला तिला?"

"झोपवलं?"

"नीज, देवयानी. नीज म्हणजे झोप."

"मला वाटलं... निज. हिंदीतलं." तिचे कान लाल झाले.

"अच्छा? माझं खासगी बघायचं होतं?" त्याचे डोळे हसले. "काय शोधत होतीस?"

ती पदराशी चाळा करू लागली. मग मान वर करून सरळ म्हणाली, "माझं नाव. तुझ्या शॉर्टकटमध्ये कुठे आहे का."

रंगाच्या थराखालीही तो लाजलेला दिसला.

"नाहीये. शॉर्टकट कंटाळवाण्या गोष्टींचे करतात. तुझं नाव... मला पूर्ण लिहायला आवडतं."

"मग लिही ना."

त्याने एकेक अक्षर सावकाश लिहिलं. एंटर. कॉम्प्युटरने ताबडतोब कळवलं, अशी कमांड सापडत नाही.

"बघ! त्याला मी सापडतच नाही," ती फुरंगटली.

"बिल्कुल बरोबर आहे त्याचं," सुधन्वा हळूच म्हणाला. "तू त्याला कशी सापडशील? तू मला सापडलीयेस."