चौथा प्रोसेसर

आमचा युनिक्स सर्व्हर कपाटाएवढा. यंत्र एकच, पण आतून त्याचे भाग पाडलेले. एकेका भागाला पार्टिशन म्हणायचं, आणि प्रत्येकाला त्याचे त्याचे प्रोसेसर वाटून दिलेले. लोकांच्या तक्रारी घेणाऱ्या पार्टिशनचा दम निघाला होता. साहेबांनी फर्मान सोडलं, "ते जुनं पार्टिशन बंद करा, त्याचे चारही प्रोसेसर तक्रारींना द्या." लोकांना तक्रार करायची वेळच येऊ नये, हे त्या डोक्यात कधी शिरलं नाही.

काहीही हलवण्याआधी प्रोसेसर ओळखून घ्यायचा, ही आमची पद्धत. मी टेबलावरून आज्ञा द्यायची, त्या प्रोसेसरजवळचा पिवळा दिवा लुकलुकतो, आणि कपाटासमोर उकिडवे बसलेले तात्या जागा सांगतात. तीन सापडले.

"चौथा लागला का, तात्या?"

"नाही. तुझं डोकं लागलंय ना ठिकाणावर?"

"मागून बघा."

"मागून, वरून, खालून बघितलं. आता काय आत शिरू?"

जुन्या पार्टिशनवर कसलंच काम उरलं नव्हतं. तरी स्क्रीनवर चौथा प्रोसेसर दिसत होता, आणि जीव खाऊन राबत होता.

मोबाइल वाजला. बायको. आमची पोर कित्येक रात्री झोपली नव्हती, दिवसाही नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"अहो, हिच्या कानामागे काहीतरी पिवळं लुकलुकतंय. कातडीच्या आतून."

मी दिवा बंद केला.

"गेलं," ती म्हणाली.

लावला.

"अहो, परत!"

टेबलावरच्या फोनवरून साहेबांना गाठलं.

"साहेब, ते पार्टिशन बंद करू नका. चौथा प्रोसेसर कपाटात नाहीये."

"मग कुठंय?"

"माझ्या घरी."

"सकाळीच ढोसून आलास का रे?"

"पाया पडतो, साहेब."

"तुला जमत नसेल तर मी इथून करतो."

आणि केलं. माणसाला पाया पडायला लावून वर काम उरकायचं, यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

तात्यांनी सांगितलं, तिन्ही दिवे विझले. स्क्रीनवर चौथ्यापुढे शब्द उमटला: रिकामा.

"अहो, झोपली," बायको मोबाइलवर रडत होती. "झोपली हो एकदाची. डोळे मात्र उघडेच आहेत."

मी चौथा परत घ्यायला धावलो. साहेबांनी माझे अधिकार काढून घेतले होते. बघता बघता 'रिकामा' पुसलं गेलं. चौथा तक्रारींना गेला.

"उठून बसली," बायको म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अहो, ही अशी काय बोलतेय?"

"फोन दे तिला."

श्वास ऐकू आला.

"पिल्लू, बाबा बोलतोय. काय होतंय तुला?"

माझी बोबडी पोर. एकही अक्षर न चुकता म्हणाली,

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."