वेंधळ्याचा फोन

मी जळका माणूस आहे. माझ्या साइटवर दर रविवारी जी चार माणसं येतात, त्यांना हे नवीन नाही. इंटरनेटवर सध्या कुठलं वारं सुटलंय आणि ते आपल्या घरात कुठल्या फटीतून शिरतंय, असं काहीबाही मी लिहितो. सविस्तर, दाखले देऊन, शुद्धलेखन तपासून. आणि आमच्याच ऑफिसातला, माझ्या शेजारच्या खुर्चीतला तो रीलवाला! राउटर आणि मोडेममधला फरक मी शिकवला त्याला. तो तेच एका मिनिटात हातवारे करून सांगतो आणि लाखभर लोक माना डोलावतात. माझ्या पोटात दुखतं. दुखणारच. लोकांना आता वाचायचं नाही, फक्त बघायचंय, असा एक लेखही मी लिहिला. तो तिघांनी वाचला, त्यातला एक मी.

आमच्या इमारतीत मला नावाने कोणी ओळखत नाही. मी वायफायवाला. नेट बंद पडलं की वरच्या मजल्यावरच्या रिटायर मास्तरीणबाई जिन्यातूनच हाक मारतात, तळमजल्यावरचा शिंपी मशीन सोडून वर येतो. काम झालं की दार लावून घेतात, चहाचं नावसुद्धा नाही. कामापुरता मामा. बायकोला याची फार मजा वाटते. कोणी बोलवायला आलं की आतून ओरडते, "वायफायवाले, चला, गिऱ्हाईक आलंय."

बायको घरूनच काम करते. परभाषेतल्या मालिकांना सबटायटल लिहिते. कानाला हेडफोन, समोर थांबवलेलं चित्र, आणि बोटं चालू. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलामागे भिंतीतलं लाकडी कपाट. आत झोपायची खोली. स्वयंपाकघराच्या दारावर माळा, त्यात माझी खोकी. जुने चार्जर, वायरी, मेलेले फोन. आमच्यासारख्यांना जुनं काही टाकवत नाही, हा रोगच आहे. बायको म्हणते, रोग असू दे, पण माळ्यावर असू दे.

गेल्या महिन्यात मी घर शहाणं केलं. नवा राउटर आणला, दाराला बोटाने उघडणारं कुलूप लावलं, दारावर कॅमेरा बसवला आणि सगळं एका ॲपला जोडलं. आपला फोन घरच्या वायफायला लागला की ॲपला कळतं, हा माणूस घरी आला. घरातली सगळी माणसं आत आली की कुलूप आपोआप लागतं आणि मला निरोप येतो, 'सगळे घरी आहेत. दार लॉक केलं आहे.' मला त्या वाक्याचं फार कौतुक होतं. बायको म्हणाली, अरे, दोन माणसांचं घर, कोण आलं ते दिसतंच की. मी तिला सगळं समजावून सांगितलं, चांगलं पाऊण तास. ती हो हो म्हणाली आणि तिने हेडफोन चढवले.

मग एका दुपारी ऑफिसात रीलवाला कॅमेऱ्यापुढे बसण्याआधी केस विंचरत होता, मी त्याच्याकडे रागाने बघत डबा धुवून आणला, आणि माझा फोन थरथरला.

'वेंधळ्याचा फोन घरी जोडला गेला.'

वेंधळ्या म्हणजे मी. म्हणजे, एके काळचा मी. लग्न झालं तेव्हा मी छत्री विसरायचो, किल्ली विसरायचो, एकदा तर बायकोलाच कपड्यांच्या दुकानात विसरून घरी आलो होतो. पहिला बरा फोन घेतला तेव्हा त्याचं बारसं तिने केलं. आता मी काही विसरत नाही. प्रत्येक गोष्टीची आठवण करून द्यायला माझ्याकडे काही ना काही आहे.

तो फोन कधीच मेला होता. त्याची बॅटरी फुगली तेव्हा मी ती काढून टाकली, आणि आतलं कोणाच्या हाती लागू नये म्हणून ड्रिलने त्याला आरपार भोक पाडलं. जाणकार माणसं असंच करतात. बायको शेजारी उभी होती. "त्यात तुझा आवाज होता रे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आवाज काय, मी आहे ना इथे.

संध्याकाळी स्टुलावर चढून खोकं काढलं. फोन तिथेच होता, धुळीने माखलेला. दिव्यासमोर धरला तर भोकातून दिवा दिसला. मी मनाची समजूत घातली. जुन्या बॅकअपमधून नावं उचलली जातात, राउटर नवा आहे, असले घोळ होतात. तरी पासवर्ड बदलला. बायकोच्या फोनमध्ये माझ्या हाताने टाकला, तिला सांगितलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. वेंधळ्या घरी आला. आणि संध्याकाळी मी आमच्या दाराशी पोचतो न पोचतो तोच निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही.

मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि अशा पालीला मी कधी हुसकावत नाही. म्हटलं, कोणीतरी आहे. हुशारही आहे, माझंच जुनं नाव लावून येतो. दारावरच्या कॅमेऱ्यातलं सगळं तपासलं. सकाळी मी बाहेर पडताना, कचरा नेणारी बाई, संध्याकाळी मी आत येताना. मध्ये कोणी नाही. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे, खिडकीला जाळी आहे.

पण घर काहीतरी सांगत होतं. सिंकमध्ये दोन कप. टूथपेस्टचं झाकण उघडं. पलंगावर ओला टॉवेल. मी टॉवेल दोरीवर टाकतो, वर चिमटा लावतो. पूर्वी टाकायचो पलंगावर, आणि त्यावरून सकाळी सकाळी आमचं महाभारत व्हायचं. आता तिने तो टॉवेल उचलला, झटकला आणि वाळत घातला. गुणगुणत. मला एक शब्द बोलली नाही.

आणि कपाटाशी जमिनीवर एक उशी.

ही उशी बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ती जागा माझी होती. सुरुवातीच्या वर्षांत मी तिथे कपाटाला पाठ टेकून बसायचो. ती चित्र थांबवून एखादं वाक्य वाचायची, मी त्याला भलतंच उत्तर द्यायचो, ती हसून हसून प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावायची. दिवसभरातलं काहीही सांगायला लागली की मी विचारायचो, "मग?" तेवढंच. मग साइट सुरू झाली, कुठलं ॲप बुडालं, कुठलं वर आलं, हे बघण्यात संध्याकाळ जायला लागली. तिचं बोलणं मला ऐकू यायचं. मान हलवायचो मी.

जेवताना शेवटी विचारलंच.

"दुपारी कोण येतं?"

"कोण येणार?" ती पाणी ओतत होती. "तूच येतोस."

"मी ऑफिसात असतो."

"बरं बाबा, असतोस." ती हसली. "काल नाही का म्हणालास, तो खलनायक दुष्ट नाहीये, त्याला नुसतं पडसं झालंय? अजून हसू येतंय मला." मग पेला माझ्यापुढे सरकवत, जरा हळू आवाजात म्हणाली, "हल्ली बरा वागतोस. असाच राहा."

खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी जळलो. असा जळलो की रीलवाल्याचे लाख लोक त्यापुढे काहीच नाहीत. कित्येक वर्षांत ती माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती, आणि बोलली ती त्याच्या कर्तबगारीवर. कोण हा? माझ्या जागेवर बसतो, माझा चहा पितो, माझ्या बायकोला हसवतो, आणि शाबासकी मात्र मला मिळते. ती घेऊन मी गप्प जेवलो, ही आणखी लाज.

तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः त्या उशीवर जाऊन बसलो. कपाट पाठीला टोचलं. बायकोने मागे वळून पाहिलं, खूश झाली, चित्र थांबवलं आणि एक वाक्य वाचून दाखवलं. कोणीतरी कोणाला म्हणत होतं, मी तुझी वाट पाहीन. काहीतरी गमतीचं बोलायला हवं होतं. मी डोकं खाजवलं. फोनकडे हात गेला, तो मागे घेतला. ती थांबली होती. बराच वेळ थांबली.

"दमलायस," ती म्हणाली, आणि हेडफोन चढवले.

ती अंघोळीला गेल्यावर मी माळ्यावरचं खोकं पुन्हा काढलं. फोनवरची धूळ पुसलेली होती. भोक तसंच, बॅटरीची जागा रिकामी. हातात घेतला आणि पटकन खाली ठेवला.

तो कोमट होता. बराच वेळ कानाला लावून बोलल्यावर फोन होतो, तसा.

माझं डोकं अशा वेळी फार नीट चालतं. मी आलो की तो जातो. मी आल्याचं त्याला कसं कळतं? माझा फोन वायफायला लागतो, त्यावरून. तर मग माझा फोन लागूच द्यायचा नाही. त्याचं वायफाय बंद ठेवायचं आणि नुसत्या मोबाइल डेटावर घरी जायचं. घराला कळणारच नाही मी आलोय ते. घर शहाणं मी केलंय, त्याला गंडवायलाही मलाच येणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाताचं निमित्त सांगून ऑफिसातून निघालो. रीलवाला म्हणाला, काळजी घ्या हो, चेहरा उतरलाय तुमचा. त्याचाही राग आला.

इमारतीत सामसूम होती. शिंप्याचं मशीन तेवढं चालू होतं. त्याने मान वर करून पाहिलं, पण हाक मारली नाही. लिफ्टचा आवाज होतो म्हणून जिन्याने गेलो.

दाराला कान लावला.

बायको वाचत होती. "मी तुझी वाट पाहीन." कालचंच वाक्य. मग पुरुषाचा आवाज काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत. ती हसली. अशी हसली की खुर्ची करकरली. आणि तोही हसला, शेवटी नाकातून फुस्स करून.

ते हसणं माझं होतं. ते कधी बंद झालं, मला आठवत नाही.

मी कुलपावर बोट ठेवलं. लाल दिवा.

बोट शर्टाला पुसलं, पुन्हा ठेवलं. लाल.

दुसरं बोट. लाल.

मग बेल वाजवली. आतलं बोलणं थांबलं. तिची पावलं दाराशी आली. ती पावलं मी कुठेही ओळखीन. कॅमेऱ्याचा छोटा दिवा लागला, म्हणजे ती मला बघत होती. मी केस नीट केले. हसायचा प्रयत्न केला.

"अगं, मी आहे," मी म्हटलं.

दिवा तसाच होता. एवढा वेळ तिने माझ्याकडे कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

आतून, कपाटाच्या बाजूने, त्याने विचारलं, "कोण गं?"

"कोणी नाही रे," बायको म्हणाली. "वायफायवाला आहे."

दिवा विझला. पावलं आत गेली. खुर्ची सरकली.

"मग?" तो म्हणाला.

आणि ती सांगायला लागली.

माझ्या हातातला फोन थरथरला. मी पाहिलं.

'सगळे घरी आहेत. दार लॉक केलं आहे.'