हिऱ्यातली मुंगी

मुंगी कुठे गेली?

सगळा घोळ इथूनच सुरू झाला. ऋजुतानं भिंग डोळ्याला लावलं, हिरा उजेडात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, पालथा घालून बघितला, पण मुंगी काही दिसेना. हिरा मात्र असा स्वच्छ, की आत नुसतं पाणी भरल्यासारखं वाटत होतं.

आता हिऱ्यात मुंगी कशाला असेल, असं कोणालाही वाटेल. पण फिरक्यांच्या घरात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ऋजुताची आजी एसटीत कंडक्टर होती, जळगाव डेपोला. आजोबांनी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला तिला एका हिऱ्याची अंगठी केली, आणि त्या हिऱ्यात एक काळा ठिपका होता. मुंगीएवढा नाही हं, मुंगीच्या डोळ्याएवढा. पण आजी त्याला मुंगीच म्हणायची. साखर शोधत आत शिरली आणि बाहेरची वाट विसरली, असं ती तिकिटं देता देता गाडीतल्या पोरांना सांगायची. पुढे ऋजुताच्या आत्तूला अंतराळयानांचं शिक्षण घ्यायला बंगळूरला जायचं होतं, तेव्हा आजीनं ती अंगठी विकली. एका शब्दानं बोलली नाही. नुसती बोटावरची रिकामी जागा अंगठ्यानं चोळायची सवय लागली तिला. पंधरा वर्षं झाली, ती सवय अजून आहे.

आत्तू आता चंद्रावरच्या तळासाठी पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवते. पुढच्या महिन्यात ती स्वतःच दोन वर्षांसाठी तिकडे जाणार होती. जायच्या आधी तिला एकच गोष्ट करायची होती. येत्या रविवारी आजीचा पासष्टावा वाढदिवस होता, आणि त्या दिवशी तोच हिरा आजीच्या हातावर ठेवायचा होता. तोच. त्याच्यासारखा दुसरा नाही.

शोधायला धागा एकच. हिऱ्याचा रिपोर्ट (प्रयोगशाळेनं हिरा तपासून दिलेला कागद). अंगठीबरोबर मूळ कागदही गेला होता, पण आजीनं त्याची झेरॉक्स कंडक्टरच्या बिल्ल्याच्या डबीत घडी करून ठेवली होती. आत्तूनं ती गुपचूप काढली आणि त्यावरचा नंबर विक्रीला आलेल्या हिऱ्यांमध्ये दोन वर्षं शोधत राहिली. आणि या गुरुवारी तो नंबर आला की! तोही लांब नाही, भुसावळला, धनराजशेठच्या पेढीवर.

शेठ जुन्या वळणाचे. आत्तू पैसे द्यायला निघाली तर म्हणाले, असं नाही हो ताई, आमच्याकडे पद्धत आहे. हिरा आधी तीन रात्री उशाशी ठेवायचा. लाभतो का बघायचं. मग पैसे. आत्तूला हसू आलं. चंद्रावर निघालेली बाई, ती कशाला असलं काही मानते? पण शेठ हटेनात, म्हणून हिऱ्याची कागदी पुडी घेऊन ती घरी आली. आणि म्हणूनच तर ऋजुताला तो भिंगाखाली धरायला मिळाला.

शुक्रवारी शाळा सुटल्या सुटल्या ऋजुतानं आत्तूला ओढतच विज्ञान केंद्रात नेलं. तिथे गुंजा होती. गुंजा म्हणजे यंत्रमानव. पूर्वी हिऱ्यांच्या प्रयोगशाळेत कामाला, आता निवृत्त. लाल गोल अंग आणि वर काळी टोपी, अगदी गुंजेच्या बीसारखी. सोनार पूर्वी ज्या बिया तराजूत टाकून सोनं तोलायचे ना, त्याच गुंजा. या गुंजेचा एक हट्ट होता. स्वतः बघितलं तेवढंच ती सांगायची, त्याच्यापुढे एक अक्षर नाही.

तिनं आधी विचारलं, नंबर तपासला का? आत्तू म्हणाली, हो, कागदावरचा चौकोनी कोड फोनला दाखवला, सगळं हिरवं आलं.

“कागद कोणी दिला?” गुंजानं विचारलं.

“शेठनी.”

“म्हणजे ज्याची परीक्षा, त्यानंच निकाल वाचून दाखवला.”

ऋजुता फिस्सकन हसली. गुंजानं मग समजावलं, की शेठ भला माणूस असेल, पण छापलेला कोड खोट्या पानावरही नेऊ शकतो. म्हणून प्रयोगशाळेचं पान आपण स्वतः उघडायचं आणि नंबर आपल्या हातानं टाकायचा. ऋजुतानं एकेक आकडा टाकला. निकाल खराच निघाला. तारीख, वजन, लांबी-रुंदी, सगळं कागदासारखं.

मग गुंजानं हिरा चिमट्यात धरला आणि मोठ्या पडद्यावर त्याची कड दाखवली. हिऱ्याचा वरचा भाग आणि खालचा निमुळता भाग जिथे भेटतात ना, तिथे एक बारीक पट्टा असतो. केसापेक्षा थोडा जाड असेल नसेल. त्या पट्ट्यावर लेझरनं (सुईच्या टोकाहून बारीक, तीव्र प्रकाशानं) नंबर कोरलेला होता. तोच नंबर. मग वजन. हिरा कॅरटमध्ये मोजतात, आणि पाच कॅरट मिळून होतो एक ग्रॅम. कागदावर ०.५१ कॅरट, तराजूवर ०.५१. आत्तूचा जीव भांड्यात पडला.

“झालं तर मग,” ती पुडी उचलायला लागली.

“नकाशा राहिला,” गुंजा म्हणाली.

रिपोर्टवर हिऱ्याचं चित्र असतं आणि आतल्या खुणा कुठे कुठे आहेत ते त्यावर दाखवलेलं असतं. आजीच्या झेरॉक्सवर चार खुणा होत्या. मध्यभागाजवळ मुंगी, तिच्या शेजारी दोन पांढरे ठिपके आणि कडेला पिसासारखी एक चीर. पडद्यावरच्या हिऱ्यात यातलं काहीच नव्हतं.

आत्तू जरा चिडलीच. डाग नाहीत हे तर चांगलंच की, शेठ म्हणाले होते, कागदापेक्षा माल सरस आहे. गुंजा तिच्याशी वाद घालत बसली नाही. ती ऋजुताकडे वळली.

“तुझ्या शाळेच्या दाखल्यावर ओळखीची खूण काय लिहिलीय?”

“हनुवटीवर तीळ.”

“उद्या एक मुलगी तुझा दाखला घेऊन आली. नाव तुझं, उंची तुझी, कपाळावर तुझा हजेरी नंबरसुद्धा लिहिलाय. पण हनुवटी कोरी. दिसायला तुझ्याहून छान.”

ऋजुता म्हणाली, “छान असू दे. ती मी नाही.”

बस. सगळं तिच्या डोक्यात लख्ख झालं. कागद खरा होता. पण कागद खरा असणं वेगळं आणि तो याच हिऱ्याचा असणं वेगळं. नंबर काय, ज्याच्याकडे लेझर आहे तो कोरेल. मुंगी आणि तिचे दोन शेजारी तेवढ्याच अंतरावर तसेच्या तसे हिऱ्याच्या पोटात पेरणं मात्र कोणाला जमायचं नाही.

गुंजानं मग एक खास दिवा लावला. त्यात हिरा चमकला आणि आत वहीच्या पानांसारखे थर दिसले. जमिनीच्या पोटात हिरा बनायला कोट्यवधी वर्षं जातात, हा प्रयोगशाळेत काही आठवड्यांत थरावर थर चढवून वाढवलेला होता. गुंजा म्हणाली, हाही हिराच आहे, त्याला कमी लेखू नका. पण दुसऱ्याचं नाव सांगतोय.

आत्तू म्हणाली, “हाच देऊ या का? वाढदिवस परवावर आलाय. मी पुढच्या महिन्यात नाहीये इथे. आईला काय कळणार?”

“आजी आधी मुंगी बघेल,” ऋजुता म्हणाली. “आणि नाही दिसली ना, तर ती काही बोलणार नाही. अंगठी घालेल, छान आहे म्हणेल आणि गप्प बसेल.”

आत्तूनं हिरा परत पुडीत बांधला. तिलाही आई माहीत होती.

मग ऋजुतालाच सुचलं. हरवलेलं पोर नाव विसरलं तर लोक तिळावरून शोधतात ना, मग आपण नंबर सोडून मुंगीवरून का शोधत नाही? गुंजाची काळी टोपी गर्रकन फिरली. मुंगी आणि दोन ठिपके जोडले की त्रिकोण होतो. तिनं त्या त्रिकोणाच्या बाजू मोजल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांना विचारलं, असा त्रिकोण पोटात असलेला हिरा कोणी बघितलाय का?

रात्रभर काही नाही. शनिवारी सकाळी नऊला उत्तर आलं. एक हिरा होता, नंबर वेगळा, वजन ०.४७, सहा वर्षांपूर्वी तपासलेला. आत्तूचा चेहराच पडला, वजन कमी आहे गं. पण ऋजुता नकाशावर बोट ठेवून बसली होती. कडेची चीर नव्हती, त्रिकोण मात्र तोच. कड दुखावली म्हणून कोणीतरी हिरा पुन्हा घासला असेल. त्यात चीर गेली, थोडं वजन गेलं आणि कडेवरचा जुना नंबरही गेला. रिपोर्ट हा हिऱ्याचा त्या दिवसाचा फोटो. नंतर हिरा बदलला तर फोटो थोडाच बदलतो?

“मी नकाशा बघितलाय, हिरा नाही,” गुंजा म्हणाली. “तो तपासून घेणारं दुकान अकोल्यात आहे. जाऊन बघा.”

वाटेत भुसावळला उतरून त्यांनी पुडी परत केली. धनराजशेठनी कपाळावर हात मारला. त्यांनी फक्त नंबर बघून हिरा घेतला होता, त्यांनाच कोणीतरी फसवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे प्रयोगशाळेला कळवलं. ऋजुता त्यांना म्हणाली, तुमच्या तीन रात्रींमुळेच वाचलो आम्ही. उशीत काही जादू नाही, पण तपासायला वेळ मिळाला. शेठना हे इतकं पटलं, की आता ते प्रत्येक पुडीबरोबर एक भिंग आणि हिऱ्याचा नकाशाही देतात.

अकोल्याच्या दुकानातल्या बाईंनी सगळ्यात खालच्या खणातून हिरा काढला. सहा वर्षं पडून आहे म्हणाल्या. गिऱ्हाईक येतं, भिंगातून बघतं, काळा ठिपका दिसला की परत ठेवतं. ऋजुताला हसूच आवरेना. ज्या मुंगीपायी हिरा कोणी घेतला नाही, त्याच मुंगीपायी त्या दोघी दीडशे किलोमीटर आल्या होत्या. पण घाई नाही केली तिनं. आधी नंबर स्वतः टाकला, मग कड वाचली, मग वजन. आणि सगळ्यात शेवटी भिंग डोळ्याला लावलं.

होती. दोन शेजाऱ्यांसकट.

रविवारी जेवणं झाल्यावर आत्तूनं आजीच्या हातावर पुडी ठेवली आणि ऋजुतानं भिंग पुढे केलं. कोणी काही सांगितलं नाही. आजी खिडकीपाशी गेली, हिरा उजेडात धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

“आहे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “जागा तेवढी कमी झालीय बिचारीला.”

आत्तू हसता हसता रडायलाच लागली.

ऋजुतानं हे गुंजाला सांगितलं तेव्हा गुंजानं तीनदा विचारलं, वजन घटलेलं तराजूशिवाय ओळखलं? पंधरा वर्षांनी? मग म्हणाली, त्यांना इकडे घेऊन ये.

तर आता दर रविवारी विज्ञान केंद्रात पुड्या घेतलेल्या लोकांची रांग लागते. गुंजा बघते, ऋजुता नंबर टाकते, आणि आजी बोटात त्या हिऱ्याची नवी अंगठी घालून दारात उभी असते. चंद्रावरून आत्तूचा फोन आला की तिला मागे आजीचाच आवाज ऐकू येतो, “चला, पुढे सरका, नकाशा हातात तयार ठेवा.”