अर्धा मीटर

"ओ बाई! तुमचं ताट पडलं पाण्यात!"

हाक पाठीमागून आली. ती बोटीच्या कठड्यावर ओणवी होऊन दोरी सोडत होती. ताट कसलं, तबकडी होती ती! जेवणाच्या ताटाएवढी, पांढरीशुभ्र, खुणा केलेल्या दोरीला बांधलेली. पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. पाणी किती नितळ आहे ते कळतं. समुद्रावर काम करणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही असं होणं शक्य नव्हतं. म्हणजे स्वारी मुद्दाम बोलत होती.

ती वळली. मधल्या केबिनच्या वरून मान उंचावून तिनं पाहिलं. पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयापलीकडे, पन्नासेक हातांवर, दुसऱ्या देशाची बोट उभी होती. गेली तीन वर्षं त्या बोटीवर एक आंबट चेहऱ्याचे गृहस्थ यायचे आणि नमस्कारसुद्धा मोजून करायचे. आज तिथं बाह्या सरसावलेला, उंच, सावळा असा एक जण उभा होता... आणि त्याच्याही हातात तसलीच दोरी होती.

"ताट माझं आहे," ती म्हणाली. "तुम्ही कशाला इतके वाकताय? बोलावलंय का कोणी जेवायला?"

तो हसला. इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकू यावं असं, अगदी मोकळं. सुकाणूवर बसलेल्या मामांनी भाचीकडे पाहिलं, मग बोयापलीकडे पाहिलं आणि विनाकारण खाकरले.

तो पिवळा बोया म्हणजे दोन देशांची हद्द. दोन्ही किनाऱ्यांवर बोलणं एकच, सरकारं मात्र वेगळी. पण समुद्राला सरकार कळत नाही. शेवाळ तिकडे माजलं तरी मासळी इकडे गुदमरते. म्हणून दोघांनी मिळून एक उपग्रह वापरायचं ठरवलं होतं. दर आठ दिवसांनी, सकाळी साडेदहाला, तो डोक्यावरून जायचा आणि पाण्याचा रंग टिपून न्यायचा. त्यानं वरून जे पाहिलं ते खरं की खोटं, हे त्याच वेळी खालून तपासायचं काम या दोघांचं. नियम कडक होता. आपापला आकडा आपापल्या कार्यालयाला परस्पर कळवायचा, एकमेकांना अवाक्षर सांगायचं नाही.

पलीकडे नवा माणूस आला म्हणून तो दिवस नुसत्या सरावाचा होता, त्याचा आकडा धरायचा नव्हता. पहिल्या मोजणीच्या फेरीला निघायच्या आधी ती मामांना म्हणाली, "मामा, दोरीची कप्पी या बाजूच्या कठड्यावर बसवून द्या ना."

"का गं? तीन वर्षं त्या बाजूला होती, तिला काय झालं?"

"तिकडून बोया दिसत नाही. मध्ये केबिन येते."

"बोया," मामा म्हणाले. पाना घेऊन कप्पी काढताना ते आणखी दोनदा "बोया, बोया" असं स्वतःशीच म्हणाले, पण त्यांनी ती बसवून दिली.

आणि मग काय! बोया तर दिसायला लागलाच, पण त्यामागचा माणूसही अगदी समोर आला. दोघं आपापल्या कठड्यावर ओणवे, दोघांच्या हातात दोरी, मध्ये हिरवंनिळं पाणी. आकडा सोडून कुठलाही विषय वर्ज्य नव्हता.

"बाई, तुमच्याकडे आज वारा कसा आहे?"

"तुमच्याकडे आहे तसाच. पन्नास हातांवर बदलेल का?"

"तुमच्याकडचा जास्त खोडकर दिसतो. सारखे केस उडवतोय."

"त्याला सांगते तुम्ही तक्रार केली म्हणून."

"तक्रार नाही हो—कौतुक!"

ती खाली पाहायची. तबकडी पाण्यात केव्हाच दिसेनाशी झालेली असायची. ती डोळे बारीक करून पुन्हा पाहायची, खूण वाचायची, वहीत लिहायची. कामात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. बोटीवर पाणी कसं मोजावं याची दोन्ही देशांत वाटलेली पुस्तिका तिनंच तर लिहिली होती.

महिनाअखेरीस संयुक्त तक्ता आला. तिनं सहा मीटर लिहिलं होतं तिथं त्यानं साडेसहा. तिनं पाच, तर त्यानं साडेपाच. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी.

"काय हो, अर्धा मीटर!" पुढच्या फेरीला तिनं हाक मारली. त्या दिवसापासून त्याचं नावच ते पडलं.

"माझे डोळे तपासून आलोय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, घारीची नजर आहे. तुमचेच डोळे जरा लवकर मिटत असतील."

"तीन वर्षं मिटले नाहीत ते?"

"तीन वर्षांत समोर मी नव्हतो."

काय हा आगाऊपणा! तिला राग यायला हवा होता. घरी पोचेपर्यंत तिनं राग यायची वाट पाहिली, पण तो काही आला नाही.

घरी आईचं वेगळंच चाललं होतं. "तोंड बघ आरशात, किती रापलंय! तीन वर्षं समुद्रावर जातेस, कधी अशी काळवंडली नाहीस. टोपी घालत जा. कोण पसंत करणार अशानं?"

"करेल कोणीतरी," ती म्हणाली आणि आईनं चमकून मामांकडे पाहिलं. मामा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले.

सहा फेऱ्या झाल्या आणि संयुक्त कार्यालयाचं पत्र आलं. दोन्ही देशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमची सही होती. मजकूर चार ओळींचा होता. आकड्यांतला फरक नवे अधिकारी आल्यापासून सुरू झाला आहे. पुढच्या फेरीतही तो राहिला, तर त्यांना या कामावरून हलवण्यात येईल.

तिनं पत्र तीनदा वाचलं. त्याच्या जागी पुन्हा कोणी आंबट चेहऱ्याचा माणूस येणार. बोयापलीकडून हाक येणार नाही. आणि तो कुठं राहतो, त्याच्या घरी कोण आहे, हे तिनं अजून विचारलंसुद्धा नव्हतं... सगळा वेळ वाऱ्यावर आणि केसांवर गेला होता. तिनं पत्राची घडी घालून ते पुस्तिकेखाली सरकवून दिलं. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

त्या फेरीला ती वेळेआधीच कठड्याशी उभी होती. साडेदहा वाजले. तिची तबकडी सहा मीटरला दिसेनाशी झाली. तिनं पेन उचललं. आयुष्यात तिनं कधी खोटा आकडा लिहिला नव्हता.

तिनं लिहिलं, साडेसहा.

पलीकडे त्यानंही वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर करून हात हलवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

पाचव्या दिवशी बैठक होती. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. तिनं त्याला पहिल्यांदाच जमिनीवर पाहिलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि बोटीवर दिसायचा त्यापेक्षाही उंच वाटत होता. मामा बोटीचे तांडेल म्हणून कोपऱ्यात बसले होते.

मॅडमनी चष्मा पुसला. "मला एक गंमत समजावून सांगा. सहा फेऱ्या साहेबांचा आकडा बाईंच्यापेक्षा अर्धा मीटर जास्त. आम्ही पत्र पाठवलं. सातव्या फेरीत बाईंचे साडेसहा, साहेबांचे सहा. म्हणजे फरक तेवढाच, फक्त उलटा. हे कसं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे. दोघांनाही एकदमच कळलं. दोघांच्याही ओठांवर हसू फुटू पाहत होतं आणि दोघंही ते दाबत होते.

तो उभा राहिला. "मॅडम, मला साडेसहाच दिसलं होतं. मी सहा लिहिलं. मला ती जागा सोडायची नव्हती. चूक माझी आहे."

"आणि मला सहा दिसलं होतं," तीही उभी राहिली. "मी साडेसहा लिहिलं. यांना हलवू नये म्हणून. माझा आकडा खोडून टाका, मॅडम. खोटा आहे."

"खोडणारच," मॅडम म्हणाल्या. "दोघांनाही लेखी समजही मिळेल. पण खरी गंमत पुढेच आहे. उपग्रहाचं गणित काल आलं." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "सातही वेळा साहेबांना जे दिसलं तेच बरोबर. सातव्या वेळी बाईंनी खोटं लिहिलं ते नेमकं खरं निघालं. तीन वर्षं तुमचा एक आकडा चुकला नाही, बाई. मग या दोन महिन्यांत तुमच्या नजरेला झालं काय?"

मॅडमनी तिचीच पुस्तिका तिच्यापुढे सरकवली. "सूचना तिसरी. वाचा मोठ्यानं."

तिनं वाचायला सुरुवात केली. "तबकडी नेहमी बोटीच्या सावलीच्या बाजूनं सोडावी. उन्हाच्या बाजूला पाणी चमकतं आणि तबकडी... लवकर..."

सकाळी साडेदहाचं ऊन. पूर्वेला बोया. नव्या जागी बसवलेली कप्पी. रापलेलं तोंड! हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून झरझर गेलं. कोपऱ्यातून मामा पुटपुटले, "बोया."

"तुम्ही कुठल्या बाजूनं सोडत होता?" मॅडमनी विचारलं.

"उन्हाच्या."

"नियम तुम्हीच लिहिलात. मग का?"

काही थाप मारता आली असती. पण एक खोटं लिहून तिचं पोट भरलं होतं, दुसरं बोलायची तिची तयारी नव्हती. तिनं पुस्तिका मिटली, मान ताठ केली आणि मॅडमकडे नाही, त्याच्याकडे पाहून म्हणाली, "कारण सावलीच्या बाजूनं हे दिसत नाहीत."

कोणीतरी पाण्याची बाटली पाडली. त्याचे कान लाल झाले. इतके दिवस बोयापलीकडून फटाफट बोलणारा तो माणूस इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावू लागला.

"बोला, साहेब," मॅडम म्हणाल्या. "तुमचं तोंड तर सावलीकडेच होतं ना?"

"हो मॅडम," तो म्हणाला. "नशीब माझं. सावली आणि... आणि या, दोन्ही एकाच बाजूला होत्या. नाहीतर माझेही आकडे चुकलेच असते."

मॅडमनी चष्मा पुन्हा पुसला, बहुधा हसू लपवायला. मग त्यांनी निर्णय लिहायला घेतला. साहेब कामावर राहतील. सातवी फेरी रद्द. पुढच्या तीन फेऱ्यांत दोघांनी एकाच बोटीतून, एकाच तबकडीवर, आलटून पालटून नजर लावायची. "आणि सावलीच्या बाजूनं," त्यांनी खाली रेघ मारली.

आठव्या फेरीला तो बोयाशी आपली बोट सोडून, कागदांवर सह्या करून, तिच्या बोटीत आला. मामांनी कप्पी जुन्या जागी बसवली होती. तिथं जागा जेमतेम एका माणसाची. दोघं खांद्याला खांदा लावून ओणवे झाले. पाण्यावर बोटीची गार सावली होती आणि तिच्यातून तबकडी हळूहळू खाली चालली होती.

"दिसतेय?" त्यानं विचारलं.

"दिसतेय. तुम्हाला?"

"मला पण... पण मी मघापासून तिकडे बघत नाहीये."

"अहो, उपग्रह बघतोय वरून!"

"बघू दे. त्याला रंगच तेवढे कळतात."

तिच्या गालांवर चढलेला रंग उपग्रहालाही नक्कीच कळला असता. तिनं दोरी घट्ट धरली. तबकडी फिकट झाली, अंधूक झाली, आणि दोघंही एकदमच म्हणाले, "गेली!" खूण साडेसहाची होती. तिनं आकडा लिहिला, त्यानं लिहिला आणि दोन्ही वह्या मिटल्या.

"आई विचारत होती," ती दोरी ओढता ओढता म्हणाली, "माझं तोंड कोणापायी रापलं ते. घेऊन ये म्हणाली त्याला. रविवारी येता का जेवायला?"

त्याचा हात तिच्या हाताशेजारी दोरीवर आला. "येतो. घरी काय सांगायचं, कशाला आलोय म्हणून?"

"मागणी घालायला," ती म्हणाली. "नाहीतर मी घालीन."

सुकाणूवर मामा जोरात खाकरले. पाण्यातून पांढरी तबकडी वर आली, थेंब गाळत, लखलखत. त्यानं ती अलगद उचलून तिच्या हातात दिली.

"तुमचं ताट, बाई."

"हो, माझंच," ती हसली. "आणि या वेळी बोलावलंय बरं का."