पोयसर नदीतलं गाठोडं

सुशांतने दोरी सैल सोडली आणि चुंबक डुबुक करून पोयसर नदीच्या काळ्या पाण्यात गेलं. सकाळपासून ते नऊ वेळा गेलं होतं. नऊ वेळांची कमाई म्हणजे सळईचा एक तुकडा, बाटल्यांची दोन बुचं आणि सायकलची गंजलेली चेन.

"ह्याला नदी म्हणायची?" त्याची धाकटी बहीण जान्हवी नाकाला रुमाल लावून म्हणाली. "मासे तरी आहेत का हिच्यात?"

"लोखंडाचे आहेत. तू बडबडलीस की पळतात."

दिवाळीची सुट्टी लागली होती. चारकोपच्या सेक्टरमधली बाकीची मुलं किल्ले बांधत होती. पण परदेशात लोक नदीत चुंबक टाकून जुन्या तिजोऱ्या काढतात, असं सुशांतने मोबाइलवर बघितलं होतं. त्याच्या मामाच्या दुकानात एक मोठा फाटका स्पीकर पडून होता. त्यातलं बशीएवढं चुंबक काढून त्याने नायलॉनच्या दोरीला बांधलं होतं. शेजारची अक्षता त्यांच्याबरोबर आली ती घरात बसवेना म्हणून. दसरा आला की तिचे आजोबा, अण्णा, खिडकीकडे तोंड करून बसत, ते दिवाळी सरेपर्यंत कुणाशी धड बोलत नसत.

दहाव्या वेळी चुंबक पुलाच्या खांबाशी कशाला तरी चिकटलं. तिथला गाळ यंदा मशीन लावून खरवडला होता. तिघांनी मिळून दोरी ओढली. दोनदा ते निसटलं, तिसऱ्यांदा चिखलाचा गोळा वर आला. गोळा कसला, तोंडाशी घट्ट गाठ मारलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी होती ती. एका बाजूने फाटली होती आणि त्या फटीतून एक गंजलेली नळी बाहेर डोकावत होती.

जान्हवी दोन पावलं मागे सरली. सुशांत हळूच म्हणाला, "रिव्हॉल्व्हर आहे यार."

सेक्टरमधली पोरं अक्षताला चिडवायची, "पिस्तुल्याची नात." अकरा वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे राजाराम गावकर, इथल्याच औद्योगिक वसाहतीत श्यामसुंदर शेठच्या कारखान्यावर रखवालदार होते. एका दसऱ्याला शेठचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर टेबलाच्या खणातून नाहीसं झालं. रात्री कारखान्यात असायचे ते एकटे अण्णाच. पोलिसांनी त्यांना तीन दिवस बसवून ठेवलं. काहीच सापडलं नाही, खटलाही झाला नाही. पण त्यानंतर कुठल्याच फाटकावर त्यांना कुणी उभं करेना. गावातही बोभाटा झाला आणि अण्णांनी कोकणात जाणं सोडलं.

"परत टाकून देऊ," सुशांत म्हणाला. "कुणी बघितलेलं नाही. हे कळलं तर लोक म्हणतील, राजाराम घाबरला आणि त्याने नदीत फेकलं."

नेमका तोच विचार अक्षताच्याही मनात आला होता. अण्णांनीच फेकलं असेल तर? त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली. खाली पिशवी होती. तिने एक काडी घेतली आणि हात न लावता फट जरा रुंद केली.

आत लाल कापड होतं. कापडाची चारही टोकं एकत्र बांधलेली होती. कापड जागोजागी कुजून विरलं होतं. त्यात रिव्हॉल्व्हर होतं, नारळाची करवंटी होती, दोन सुपाऱ्या होत्या आणि एक व्हर्निअर होतं. कारखान्यात बारीक मापं घ्यायला वापरतात ते. त्याच्या पोलादी दांड्यावर कुणीतरी अक्षरं कोरली होती, 'श्या. मो.'

"चोर नारळ कशाला नेईल?" अक्षता म्हणाली.

तिने व्हर्निअरचा फोटो काढला. मग त्यांनी पिशवी पुन्हा पाण्यात सोडली आणि दोरी खांबाच्या लोखंडी कडीला बांधून टाकली. चिखलात ती दोरी कुणाला दिसली नसती.

संध्याकाळी तिने अण्णांना विचारलं की त्या दसऱ्याला नक्की काय काय झालं होतं. अकरा वर्षांत घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चार वर्षांपूर्वी वारलेल्या नलिनीआजीनेही कधी नाही. अण्णांनी थांबत थांबत सांगितलं. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. पाटावर लाल कापड अंथरायचं, त्यावर नट आवळायचे पाने, कानस, व्हर्निअर मांडायचे आणि शेठ आपलं रिव्हॉल्व्हरही ठेवायचे. झेंडूचा असा ढीग व्हायचा की खालचं काही दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी कामगार आपापलं हत्यार उचलून न्यायचे. निर्माल्याला मात्र शेठ दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. दुसऱ्याचा हात लागला तर पूजा बाटते, असं त्यांचं म्हणणं.

त्या रात्री अक्षताला झोप लागली नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला अण्णाही जागेच होते.

सकाळी ती आणि जान्हवी शेठच्या कारखान्यात गेल्या. सुशांतला तिने दुसरीकडे पाठवलं होतं. श्यामसुंदर शेठ आता सत्तरीचे झाले होते. शाळेत नदीच्या प्रदूषणावर प्रकल्प आहे, तुमच्या पूजेच्या निर्माल्याचं तुम्ही काय करता, असं जान्हवीने वही उघडून विचारलं. शेठ खूश झाले. चाळीस वर्षं आपण स्वतःच्या हाताने विसर्जन करतो, हल्ली पालिकेच्या कलशात आणि पूर्वी पुलावरून नदीत, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. फुलं विखरू नयेत म्हणून कापड तसंच चार टोकांनी उचलायचं, पिशवीत घालायचं आणि घट्ट गाठ मारायची, ही त्यांची पद्धत. आत बघायचं नाही. देवाला दिलेलं पुन्हा चाचपायचं नसतं.

अक्षताने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"हे माझं व्हर्निअर," शेठ म्हणाले. "अक्षरं मीच कोरलीत. एका पूजेनंतर दिसलंच नाही. मला वाटलं, कुणा कारागिराने लांबवलं. कुठे मिळालं तुम्हाला?"

"पुलाखाली, पिशवीत. लाल कापडात, नारळाबरोबर." अक्षता थांबली नाही. "त्याच कापडात तुमचं रिव्हॉल्व्हर आहे, शेठ. मी राजाराम गावकरांची नात."

बाहेर लेथ मशीन चालू होतं. शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी तर ते खणात ठेवलं होतं, दर वर्षी ठेवायचो, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ पोरी, झालं ते झालं. आता कशाला उकरून काढायचं? मी माणूस पाठवतो, गुपचूप काढून आणू."

"सुशांत मामाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलाय," अक्षता म्हणाली. "एव्हाना सगळे पुलावर पोचले असतील. तुम्ही आलात तर बरं."

पुलावर गर्दी जमली होती. फौजदार शीतल मॅडमनी पिशवी वर काढायला लावली. गंज खरवडल्यावर रिव्हॉल्व्हरवरचा नंबर जुन्या तक्रारीतल्या नंबरशी जुळला. सहाही गोळ्या आतच होत्या. कालच का आला नाहीत, म्हणून मॅडमनी तिघांना चांगलंच फैलावर घेतलं. ही वस्तू फुटली असती तर आज मी तुमच्या आईवडिलांना काय सांगितलं असतं, असं विचारलं. मग त्या म्हणाल्या की हात न लावता, जागा न बदलता पिशवी राखून ठेवणं हे मोठ्यांनाही सुचत नाही. सुशांतची छाती फुगली. शेठनी तिथेच, सगळ्यांसमोर, जबाब लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी शेठ मिठाईचा पुडा घेऊन अण्णांच्या दारात उभे राहिले. शीतल मॅडम सोबत होत्या. रिव्हॉल्व्हर नाहीसं होण्याशी राजाराम गावकर यांचा संबंध नव्हता, असं लिहिलेला कागद त्यांनी अण्णांच्या हातात दिला आणि तुमची नात हुशार आहे, काका, असं म्हणाल्या. शेठनी हात जोडले. अण्णांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, पण मिठाईचा पुडा परत त्यांच्याच हातात ठेवला. रागावून नाही. दमलेल्या माणसासारखं.

सगळे गेल्यावर अण्णांनी तो कागद नलिनीआजीच्या फोटोखाली ठेवला आणि ते तिथेच उभे राहिले. मग अक्षताकडे न बघता त्यांनी विचारलं,

"तुका एकदा तरी वाटला काय गो, मियाच टाकलंय म्हणान? खरा सांग."

खोटं बोलणं सोपं होतं.

"हो अण्णा. नदीवर. एकदा."

अण्णांनी मान हलवली. सावकाश वळून ते तिच्याजवळ आले आणि त्यांनी आपला खरखरीत हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"आणि तरी इचारूक इलंस," ते म्हणाले. "अकरा वर्षांत तू एकटीच इलंस."