एव्हर्टचं पारोसं बनियन

ही हकिगत कुणालाच खरी वाटणार नाही, अशी पैज म्हातारा आल्गोत बर्फाच्या हॉलमधल्या कॉफीच्या टेबलावर आधीच लावून टाकतो. मग रिकामा कप पुढे सरकवतो. कोणीतरी तो भरतं, आणि गोष्ट सुरू होते.

फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर गुनवोर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती.

"चोरी झालीये!" ग्रानत्रेस्क गावच्या आइस हॉकी संघाचा प्रशिक्षक सिक्स्टेन ओरडला. "गोलरक्षकाचं बनियन गेलं!"

गुनवोरच्या हातातून खरवडणी गळून पडली.

संध्याकाळी सोल्माराच्या संघाशी शेवटची मॅच होती. जिंकलं तर सगळ्यात वरच्या लीगमध्ये राहायचं, हरलं तर खालच्या. खाण बंद झाली होती, शाळा बंद झाली होती, नकाशावरून नाव पुसायचं तेवढं साहेबलोकांनी बाकी ठेवलं होतं. हॉकी मात्र सोडणार नाही, काय करायचं ते करा, असं गावानं ठणकावलं होतं. संघ जिंकायला लागला तशी खेळाडूंनी दाढी करणं सोडलं, आणि गावानं कपडे धुणंच सोडलं. धुतलं की नशीब गेलं! गोलरक्षक एव्हर्टचं लोकरी बनियन तर आता खुंटीशिवाय उभं राहायचं. ते अंगात असल्याशिवाय तो बर्फावर उतरणार नव्हता.

कपडे वाळवायच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे. पहिला सामान सांभाळणारा रुबेन.

"शेवटचं कधी पाहिलंस?" गुनवोरनं विचारलं.

"पाहायचं कशाला? वास घेतला, काल सरावानंतर. आज दार उघडलं तर खोलीला वासच नाही."

"तुझी किल्ली?"

"गळ्यात. आंघोळीलाही काढत नाही."

"आंघोळ करतोस?"

"हल्ली नाही."

दुसरी किल्ली सिक्स्टेनकडे. "हे सोल्मारावाल्यांचंच काम," तो म्हणाला. "त्यांना नवा अध्यक्ष मिळेना म्हणून आधीच डोकं फिरलंय त्यांचं."

"त्यांची बस वादळात अडकलीये, सिक्स्टेन. अजून गावात पोचायचेत ते."

तेवढ्यात तिसरी किल्ली आपल्या पायांनी आली. क्लबचा अध्यक्ष हेल्मर गाडीतून उतरला. कान लाल मुळ्यासारखे. एवढ्या थंडीत गाडीच्या चारही काचा खाली.

"हे काय रे?"

"मोकळी हवा गं. छातीला बरी."

"सकाळी कुठे होतास?"

"घरी. झोपलो होतो."

तिघंही टेकडीवरच्या पिवळ्या इमारतीत राहायचे. गुनवोर थेट तिथल्या तळघरात उतरली. तिथे सगळ्यांचं मिळून एक कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि भिंतीवर दिवसाच्या वेळांची भोकं पाडलेला एक फळा. प्रत्येक घराचं नंबर घातलेलं छोटं कुलूप. ज्या वेळेच्या भोकात कुलूप लावलं, ती पाळी त्या घराची. ग्रानत्रेस्कमध्ये माणूस शेजाऱ्याची बायको पळवेल, पण पाळी लावल्याशिवाय यंत्राला हात लावणार नाही.

सगळी कुलपं खालच्या दांडीवर धूळ खात लटकत होती. एक सोडून. ते आज सकाळच्या भोकात होतं. गुनवोरनं यंत्राला हात लावला. कोमट होतं. तिनं त्या कुलपावरचा नंबर वाचला, यंत्राचं दार उघडलं आणि जिना चढली.

खेळाडूंच्या खोलीत तिनं सगळ्यांना बसवलं.

"हेल्मर, सकाळी तू झोपला नव्हतास. धुणं धूत होतास. फळ्यावर तुझं कुलूप आहे."

"मग? माणसानं आपले कपडे धुवायचे नाहीत?"

"आज? या गावात आज कोण धुतं रे? मीच हा गळपट्टा कधीपासून तसाच घालतेय! चोरी केलीस, तोंडावर खोटं बोललास, पण पाळी न लावता यंत्र चालवायचा धीर काही झाला नाही तुला. बनियन गाडीतून नेलंस, त्याचा वास जाईना म्हणून काचा उघड्या. जाळलं असतंस तर गुन्हा उघड दिसला असता. धुऊन गुपचूप खुंटीवर लावलं असतंस, तर नशीबही गेलं असतं आणि बोट कुणाकडे दाखवायचं तेही कळलं नसतं. रुबेन लवकर आला, म्हणून फसलास. सोल्मारानं अध्यक्षाची खुर्ची कबूल केलीये ना?"

हेल्मर उसळला. "हो, केलीये! हे गाव मेलंय, गुनवोर! मढ्याबरोबर मीही पुरून घेऊ?"

"मढं म्हणतोस?" रुबेन बाह्या सरसावत उठला. "ये, हात लावून बघ."

गुनवोर मध्ये पडली. तिनं पिशवीतून बनियन काढलं. ओलं, स्वच्छ, फुलांच्या वासाचं. खोलीतल्या सगळ्यांनी नाकं दाबली.

एव्हर्टनं ते हातात घेतलं. हुंगलं. तोंड वाकडं केलं.

"ओलं आहे रे," रुबेन पुटपुटला.

"असू दे. याचं नशीब धुतलं गेलं असेल. मी नाही धुतला गेलो." आणि त्यानं ते अंगात चढवलं.

बर्फावर पाऊल टाकताच ते बनियन अंगावर गोठलं. लोखंडी चिलखत झालं! सोल्मारावाले चकती हाणायचे आणि ती ठणठणत परत जायची. शेवटच्या क्षणी तर चकती एव्हर्टच्या छातीवर आदळली, अख्खं मैदान ओलांडून उडाली आणि सोल्माराच्या जाळ्यात घुसली. एक-शून्य! बेड्या घातलेल्या हेल्मरनंसुद्धा टाळ्या पिटल्या—

"आल्गोत," मागच्या टेबलावर कॉफीत दालचिनीचा पाव बुडवत बसलेला टकला म्हणाला, "अरे थापाड्या, ती मॅच आपण चार-शून्यनं हरलो. गोलमध्ये मी होतो."